नोंदीतली तीन माणसं

—नाही, बसा आधी, दाउरेनभाऊ. वीज कंपनीतून माझ्या अर्जावरून आलात ना, मग सगळं ऐकूनच जा. खालच्या मजल्यावरचा ओराजबेक, आमच्या इमारतीचा अध्यक्ष, घरगुती मीटरवर शिलाईची पाच मशिनं चालवतो — पाच! फरशीला कान लावा. ऐकू येतंय? आत कारखाना आणि दर घरगुती! तोडा त्याची वीज. भर जानेवारीत अंधारात कुडकुडू दे — मला बघायचंय ते.

सूड? हो, सूडच. लपवू कशाला? या शहरात वीज देणारी तुमची एकच कंपनी, दुसरं दार ठोठावायची सोय नाही. म्हणून दरवाढीआधी लोकांचं ऐकायला सुनावणी ठेवतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या वतीनं हाच उभा राहिला. मी त्याला कागद लिहून दिला होता — आमच्या ह्यांना प्राणवायूचं यंत्र लागतं, रात्रंदिवस चालतं, युनिटं थेट तिसऱ्या, महागड्या टप्प्यात जातात, आजाऱ्याच्या घराला सूट द्या. एवढंच. "पहिला तुमचाच वाचतो, शोल्पान आपा!" आणि माइकवर काय म्हणाला? "रहिवाशांची काही तक्रार नाही." कागद खिशातच!

मग काय — बिल वाचवायला दुपारी दोन तास यंत्र बंद. हेच म्हणायचे, राहू दे गं, खिडकीशी बसतो. मग तीन तास. मार्चमध्ये तर — जाऊ दे. तुम्ही त्याचं लिहा.

आमच्यात किती माणसं? ते कशाला? बरं, तीन लिहा. माणशी स्वस्त युनिटं ठरलेली असतात, ठाऊक आहे मला. मी, लेक आइनाश — परगावी असते, पण नाव इथंच, आणि आमचे हे, सैलखान. आत झोपलेत, उठवू नका. — तर हा ओराजबेक! लाज किती नसावी माणसाला? मयताच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आला, माझ्यासमोर बसला, घोड्याचं मटण दोनदा मागून घेतलं मेल्यानं! दोनदा!

…कुणाचा चाळिसावा म्हणजे?

ह्यांचं नाव खोडायला कचेरीत गेले होते मी. दारातून परत आले. युनिटांसाठी नाही… हो, युनिटांसाठीसुद्धा. पण तुम्ही ओराजबेकसाठी आलात ना? मग माझा मीटर कशाला बघताय? पेन ठेवा खाली!

घ्या, चहा घ्या. काठोकाठ भरलाय, मुद्दामच. कझाख आईचे लेक आहात, असा पेला पाहुण्याच्या हातात कधी देतात ते कळतं ना?

मग उठा.