माझी लाल झेंडी
तुमी मला तापट म्हणता ना, मग ऐका. कुपवाडहून मी आगगाडीच्या डब्यांच्या डेपोत अप्रेंटिसला जायची तवाची गोष्ट. डब्याखाली शिरण्याआधी लाल झेंडी लावायची, आणि ज्यानं लावली त्यानंच काढायची. मी खाली ब्रेक तपासत होते, तेवढ्यात इंजिनाची शिट्टी अगदी जवळ वाजली. कोपरं सोलून घेत बाहेर आले, तर माझी झेंडी डेपोच्या साहेबाच्या काखेत.

“आवं, खाली मी होते.”

“फिटरला विचारूनच काढली. तो म्हणाला, माणूस कोण न्हाई, अप्रेंटिस हाय.”

माझं डोकंच फिरलं. झेंडी हिसकावून परत लावली आणि तिथंच उभी राहिले. गाडी खोळंबली. स्टेशनातून साहेबाला फोन आला, गाडी कुणी अडवलीय?

फोन मी घेतला. म्हणलं, “माणूस कोण न्हाई साहेब, अप्रेंटिस हाय.”