एकदंताचा अपग्रेड

अपग्रेडचं नाव काढू नका माझ्यासमोर, डोकं फिरतंय!

मी कॉम्प्युटरवर गणपती घडवतो, त्यावरनं साचा निघतो. जुनं सॉफ्टवेअर झकास चालत हुतं. पण कंपनीवाला फोन करून मागंच लागला, "सर, नव्यात मोडकंतोडकं सगळं आपोआप दुरुस्त होतं." घेतलं, चांगले पैसे मोजून. मंडळाच्या मूर्तीची फाईल त्यात उघडली आणि सरळ नमुना काढायला पाठवली. आधी तपासलेली फाईल परत कोण बघतंय?

नमुना बघायला मंडळाचे अध्यक्ष आण्णा आले आणि भडकलेच. "ह्यो गणपती न्हवं, हत्ती हाय! दोन्ही दात साबूत?"

एकदंताचा तुटका दात सॉफ्टवेअरनं गुमान जोडला हुता!

तिथनंच मी कंपनीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. "अहो, त्यो दात तुटकाच पायजे!"

"सर, सिस्टीम त्याला एरर धरते."

"देवाला एरर म्हणताय व्हय? ही दुरुस्ती बंद कशी करायची?"

"ते बटण पुढच्या अपग्रेडमध्ये आहे, सर. त्याचे वेगळे पैसे पडतील."

आण्णांनी फोन हिसकावला. "आरं, परशुरामानं फुकटात तोडला हुता की!"