रामहरीची सदतीस घरं

दि. १९/०८/२०२५

नाव : सौ. दिपाली अंगद दहिफळे, वय २९ वर्षे, धंदा - इंटरनेट ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर, रा. पाथर्डी, जि. अहिल्यानगर.

कोणी बोलावलेलं नसताना मी आपण होऊन ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, मी आबासाहेब यांच्या ऑफिसात चार वर्षांपासून आहे. घरोघरचं नेटचं बिल दर महिन्याच्या एक तारखेला सॉफ्टवेअर आपोआप काढतं. ते वसुलीवाला रामहरी याच्या मोबाईलवर दिसतं. मग तो त्या घरी जाऊन रोख तीनशे रुपये आणतो.

एप्रिल ते जुलै ३७ घरांत नेट चालू होतं, पण पैसे आले नाहीत. आबासाहेबांनी दोन घरी फोन केले. त्या घरचे म्हणाले, आम्ही पैसे रामहरीकडंच देतो. त्यावरून आबासाहेबांनी दि. ०५/०८ रोजी ठाण्यात रामहरीविरुद्ध तक्रार दिली. त्या दिवशीच्या जबाबात मी, "रामहरी रोख घेतो व कधी उशिरा भरतो," असं सांगितलं. ते खरं आहे. पण तो फार तर एखादा दिवस उशीर करतो, हे मी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

काल माझी आई मनकर्णा सहज म्हणाली, "औंदा रामहरी पैशाला आलाच न्हाई गं. आजारी हाय का?" आई त्या ३७ मध्ये आहे. मी लगेच ऑफिसात जाऊन एकेक खातं उघडलं.

ती सगळी घरं ऊसतोडीला जाणाऱ्यांची आहेत. दिवाळीनंतर कुलूप लागतं, म्हणून मी त्यांचं नेट थांबवून ठेवते. गुढीपाडव्याला माणसं आली की चालू करते. यंदा सॉफ्टवेअर नवीन होतं. त्यात चालू करताना पुढच्या बिलाची तारीखही भरावी लागते. मी भरली नाही. आपोआप पडेल असं धरून चालले. नेट सुरू झालं, बिल निघालंच नाही. बिल दिसेना म्हणून रामहरी गेला नाही. पैसे कोणी दिलेही नाहीत आणि कोणी घेतलेही नाहीत. फोनवर त्या दोन घरांनी फक्त नेहमीची रीत सांगितली होती.

आबासाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "पैसे आलेत, आता कशाला उकरायचं? सॉफ्टवेअरचा घोळ म्हणून सोडून दे." पैसे आलेत ते असे, की रामहरीने घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात गाभण गाय विकली आणि दि. ०९/०८ रोजी ४४,४०० रुपये ऑफिसात आणून भरले. पावती मीच फाडली. आबासाहेबांनी सांगितलं तसं तिच्यावर 'अफरातफरीपोटी' लिहिलं. ती पावती हजर करते.

आज सकाळी मी रामहरीच्या घरी गेले. घेतले नव्हते तर भरले का, असं विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुमी लिहून दिलंय म्हनल्यावर माजंच कुटंतरी चुकलं आसंल आसं वाटलं." त्याच्या बायकोने मला चहा दिला. मला तो पिववला नाही.

माझा हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी 'संगणकातील बिघाडामुळे' असं लिहिलं होतं. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'माझ्या चुकीमुळे' असं केलं व खोडल्या जागी मी सही केली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.