जाड बुडाचं द्या

नको नको, ते काळं आतच ठेवा ताई, एकावर एक फुकट असलं तरी नको — मला स्टीलचा पॅन हवाय, जाड बुडाचा, आणि जरा लवकर हवाय, कारण आमची ही तिकडे झाकणांच्या कपाटाशी उभी आहे ना, निळा स्वेटर — हां, तीच — ती इकडे यायच्या आत मला निवडून मोकळं व्हायचंय. का म्हणजे? ती आली की नॉनस्टिकच उचलणार. हलकं असतं, अंडं आपसूक घसरतं, धुवायला सोपं — सगळं खरं आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण त्याची पथ्यं किती! तुम्हीच आत्ता सांगितलीत ना — आच मंद ठेवा, चमचा लाकडी घ्या, घासणी मऊ हवी, गरम असताना गार पाण्याखाली धरू नका, एकावर एक रचताना मध्ये फडकं घाला. भांडं आहे की रुसलेला जावई? आणि रिकामं तापवू नका. हे तर तुम्ही दोनदा सांगितलंत. ऐकलं मी. ऐकलं ना. हा दाखवा बरं — नाही, हा पातळ आहे, बूड वाजवून बघा, पत्र्यासारखं वाजतंय. ह्यात कांदा टाकला की मधे कोळसा आणि कडेला कच्चा. मला वजनदार द्या, पण एका हाताने उचलता आला पाहिजे तिला. तिला हो. मला काय करायचंय, मी आयुष्यभर बस चालवली, मला चहासुद्धा धड जमत नाही.

मी सारखा तिकडे बघतोय म्हणून रागावू नका. ड्रायव्हरची सवय आहे, समोर बोलत असलो तरी एक डोळा आरशात. आहे, आहे, तिथेच आहे. झाकणं लावून बघतेय. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती ती, तुम्ही जन्मायच्या आधीपासून. एवढ्या मोठ्या स्टीलच्या पातेल्यांत सूप ढवळायची, पोरगं निजवावं तसं — हळूहळू, बुडापासून. नव्या बायका कामाला आल्या की अंडी चिकटवून ठेवायच्या आणि रडकुंडीला यायच्या. मग ही काय करायची, बोटं ओली करून तापलेल्या पॅनवर पाणी शिंपडायची. पाणी चर्र करून आटलं तर अजून थांबायचं, मोत्यांसारखं गोल होऊन पळायला लागलं की मग तेल, मग अंडं, आणि मग हात मागे. 'ढोसू नका त्याला, सुटायचं तेव्हा आपणहून सुटेल' — असं म्हणायची. आणि सुटायचं हो! करपलंच कधी तर गरम पाणी घालून ठेव, उकळव, मग घास. पांढरे डाग पडले तर व्हिनेगर. झालं. तिला हे आठवावं लागत नाही, कळतंय का ताई, हे तिच्या हातात आहे. ते काळं प्रकरण आमच्याकडे नंतर आलं, लेकीने आणलं, आईच्या मनगटाला आराम म्हणून. त्याचे नियम आहेत ना, ते नंतर शिकलेले. नंतर शिकलेलं आधी जातं.

जातं म्हणजे... जातं. काही नाही. वय होतं माणसाचं. हा बरा आहे. ह्याचा दांडा तापतो का? नाही ना? नक्की?

आमच्याकडे एक पक्षी होता. एवढासा, पिवळा, स्वयंपाकघराच्या खिडकीत पिंजरा. मास्तर म्हणायचो त्याला, कारण सकाळपासून कुणाला तरी रागावतच असायचा. हिच्याशी फार बोलायचा. म्हणजे ती बोलायची, तो भांडायचा. गेल्या महिन्यात मी खाली न्हाव्याकडे गेलो होतो. काय मोठं काम, केस कापणं! वर आलो तर जिन्यातच वास, विचित्र, प्लास्टिक जळाल्यासारखा. पळत गेलो. गॅस मोठा, त्यावर तो काळा पॅन — रिकामा. आत काही नाही. आणि ही गच्चीत, दोरीवरचे कपडे काढून घड्या घालतेय, तोंडाने गाणं. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, खोकत खोकत मागे वळलो, तर मास्तर पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला. गरम होता अजून. पक्ष्यांच्या डॉक्टरला मी नंतर विचारलं, तो म्हणाला, असा पॅन फार तापला की त्याचा धूर आपल्याला खोकला आणतो, पण पक्ष्याची छाती केवढी! तिला कशाला सांगू हे? तुम्ही सांगितलं असतंत? मी त्याला रुमालात गुंडाळला, पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं आणि गच्चीत जाऊन म्हटलं, 'अगं, माझ्या हातून दार उघडं राहिलं, मास्तर उडून गेला.' काय बोलली मला! बोलू दे. रडली, जेवली नाही. मला वाटलं, निभावलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून विचारते, 'मास्तर कुठंय?' मी सांगितलं. परत तेच, परत तसंच रडणं, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय. मग असं रोज नाही, पण अधूनमधून. मी चहा घेत असतो आणि ती खिडकीकडे बघायला लागते, की मी कप खाली ठेवतो. आता येणार प्रश्न. पिंजरा देऊन टाकला तरी विचारते. आणि दर वेळी मी सांगतो, माझंच चुकलं.

लेकीला? नाही हो. लेकीलाही तेच सांगितलंय, दार मी उघडं टाकलं. ती फोनवर म्हणते, 'बाबा, तुम्हाला हल्ली विसरायला होतंय, तुम्ही दोघं इकडेच या.' तिच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे. आईला हात लावू देणार नाही ती कशाला. प्रेमानेच हो, पण नाही लावू देणार. आणि कांदा चिरताना, पाणी शिंपडताना हिचा चेहरा कसा असतो ते लेकीने बघितलेलं नाही. तेवढा वेळ सगळं जागच्या जागी असतं. मी स्वयंपाकघरात गेलो की मला नावाने हाक मारते. ते गेलं तर मग राहिलं काय घरात?

काय म्हणालात?

हो. गॅस तर तोच आहे. कळतं मला. स्टीलने गॅस बंद होत नाही. मी आहे ना पण! मी आता न्हाव्यालाच घरी बोलावतो. खुर्ची स्वयंपाकघरात टाकलीय, पेपर तिथेच वाचतो, झोप आली तर उठून उभा राहतो. लेकीला सांगा म्हणे! डॉक्टरला दाखवा म्हणे! मी तुम्हाला पॅन विचारला होता, सल्ला विचारला नव्हता... नाही, रागावलो नाही. तुमचं चुकलं नाही काही. दाखवणार आहे. दाखवायलाच लागेल, समजतं मला. पण एवढा पॅन तरी... तिकडे नाहीये ती. अहो, झाकणांपाशी नाहीये. निळा स्वेटर — तुम्ही त्या दारातून कुणी बाहेर जाताना —

आलीस? अगं, मागून आलीस होय? कुठे नाही, इथेच तर होतो. ह्या ताई पॅन दाखवतायत. हा घे, उचलून बघ. जड नाही ना? एका हाताने? बघ... वाजवू नको, चांगलाय तो. मला आवडला म्हणून.

काय? नाही गं, ताईंना काय सांगायचंय त्यात —

हो ताई, खरं बोलतेय ती. दारं उघडी टाकतो मी. काही लक्षात राहत नाही मला हल्ली. बांधून द्या तो.