केशरबाई आणि पंक्चरची प्रार्थना

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, सरपंच शालूबाई; व्यासपीठावर बसलेले मिशनचे सन्माननीय पाहुणे; बदली होऊन निघालेल्या आमच्या सत्कारमूर्ती केशरबाई; आणि जवळा बाजारच्या माझ्या माणसांनो, सर्वांना जय भीम, सलाम आणि रामराम.

मी बुद्धभूषण. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाला असताना सरांशी भांडलो, हजेरीचं रजिस्टर टेबलावर आपटलं, कॉलेज सोडलं आणि मिशनच्या ऑफिसात टायपिंगला लागलो. माझा राग इथं कुणाला माहीत नाही? समोरचे हसून राहिले, म्हणजे माहीत आहे.

मिशनरी दिवसभर काय करतात, असं लोक मला विचारत. काय सांगू? केशरबाई नऊला ऑफिसचं कुलूप उघडत. मग मुख्य कार्यालयाची पत्रं, बाप्तिस्म्याचे दाखले, शिवणवर्गाची हजेरी. मध्येच एखादी आजी दवाखान्याचा कागद घेऊन येई. बाई तो तिला तीनदा समजावत. बाजाराच्या दिवशी तर ओटा भरून जाई. कुणी अर्ज लिहून घेई, कुणी नुसतीच पिशवी ठेवून, पाणी पिऊन बाजारात जाई. पिशवीवालीचा देव कोणता, हे बाईंनी कधी विचारलं नाही.

आणि भिंतीवर प्रार्थनेचा डबा. ज्याला जे मागायचं, ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. सोमवारी बाई चिठ्ठ्या मोठ्यानं वाचत, आम्ही 'आमेन' म्हणत असू. पण तिथं संपत नसे. चिठ्ठीत ज्याचं नाव, त्याच्या घरी त्याच आठवड्यात भेट. "देवाला सांगून झालं, आता माणसाला विचारू," असं म्हणून बाई चपला घालत.

या भेटींची यादी मीच टाइप करत होतो, तरी विसरलो. काहून? तर सपना. सिद्धेश्वरहून शिवणवर्गाला यायची. वर्षभरात मी तिच्याशी दोन वाक्यं बोललो होतो, दोन्ही कात्रीबद्दल. तिला बघायला पुढच्या रविवारी पाहुणे येणार, असं कळलं आणि माझं डोकं फिरलं. चिठ्ठी लिहिली, नाव न घालता: 'सिद्धेश्वरच्या सटवाजींकडे सपनाला बघायला येणाऱ्यांची गाडी पंक्चर होऊ दे. जमल्यास चारही चाकं.' आम्ही बौद्ध. देवाकडं मागायची सवय नाही. मागणी चुकलीच.

सोमवारी बाईंनी ती जशीच्या तशी वाचली. सवयीनं सगळे 'आमेन' म्हणाले. सर्वांत मोठ्यानं मी. दुपारी बाई म्हणाल्या, "भूषण, स्कूटी काढ. सिद्धेश्वरला जायचंय."

सपनाचे वडील सटवाजी काका अंगणात मासळीचं जाळं दुरुस्त करत होते. बाईंनी आधी चहा घेतला, मग चिठ्ठी वाचली.

"चारही चाकं? कोन बेणं हाय हे?"

'बेणं' ऐकलं आणि माझा ताबा सुटला. "मी हाय!"

आतून सपनाचा आवाज आला, "मला सांगायचं सोडून डब्याला काहून सांगितलं?"

काका माझ्याकडं बघून म्हणाले, "शिकतूस काय?"

"सोडलं."

"मंग चहा पी आन् जा."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कॉलेजचा फॉर्म, अर्धा त्यांनीच भरलेला. "सही कर. आणि सरांची माफी मागून ये. मी सोबत येणार नाही." गेलो. माफी मागितली, फॉर्म दिला. इकडं रविवारी पाहुणे आले. सपनानं त्यांना स्वतः नकार दिला, आणि गाडी धडधाकट परत गेली.

पुढं परीक्षा दिली, आणि मागच्या आठवड्यात माझा निकाल लागला. पास झालो! थांबा, टाळ्या बाईंसाठी ठेवा.

सटवाजी काका, तुम्ही तिसऱ्या ओळीत आहात. सगळ्यांदेखत विचारून तुम्हाला कोंडीत पकडणार नाही. सपनाला मात्र कालच विचारलं, तोंडानं. ती 'व्हय' म्हणाली. उद्या सकाळी आई-बाबांना घेऊन तुमच्या घरी येतो. केशरबाई परवा निघणार. जवळा बाजारातली त्यांची शेवटची भेट म्हणून यादीत तुमचंच घर टाइप केलं आहे, त्यांना न विचारता.

बाई, आता नाही म्हणू नका. तुमचे उपकार मला नीट मोजून सांगता येत नाहीत, म्हणून नुसतं वाकून आभार मानतो. शालूबाईंनी दिलेली पाच मिनिटं मी केव्हाच ओलांडली. रागाच्या किंवा आनंदाच्या भरात तोंडून काही जास्तीचं गेलं असेल, तर आपलंच लेकरू म्हणून पोटात घाला.