हे पिल्लू कुणाला द्यायचं?

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे एका नर्सबाईंनी कुशीत कुत्र्याचं पिल्लू धरलं होतं आणि ते मागायला आलेले काका समोर अवघडून उभे होते.

"हेच का? एखादं ऐटबाज, दांडग्या जातीचं का नको?"

"दोन खोल्यांत राहतो मी, ताई. ह्याची आई लहान चणीची आहे, ते बघूनच आलो."

"फिरवणार कोण?"

"दोन्ही वेळा मीच."

"घरात घाण केली तर?"

"पुसेन. मारणार नाही. बाहेर केली की शाबासकी देईन."

"खायला?"

"तीन वेळा, वाटीनं मोजून. माझ्या ताटातलं काही नाही."

"बिस्कीट?"

"एकसुद्धा नाही."

"अगदी पाठ करून आलाय हो! पिल्लं विकायचा धंदा तर नाही ना?"

"छे, छे!"

"मग एवढं शिकलात कुठे? आधी कुत्रा होता?"

"होता."

"आता कुठाय?"

"गेला. सहा वर्षांचा होता."

"कशानं?"

तेवढ्यात शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्या माणसाला खुणेनंच पुढे पाठवलं.

"लाडानं, ताई. मागेल ते द्यायचो. शेवटी त्याला ह्या दवाखान्याची पायरीसुद्धा चढवेना. डॉक्टरांना विचारा हवं तर."

"…धरा. नीट धरा, मानेखाली हात द्या. पण माझा तुमच्यावर विश्वास नाही हं, काका. दर रविवारी येऊन बघणार मी."

"माझाही नाही, ताई. बुधवारी पण याल का?"