मे आय गेट डाउन, रावसाहेब काका?

...आणि वर म्हणतात, "काका, तुम्ही फक्त ऐकायचं." फक्त ऐकायचं. तुम्हाला सांगतो, बिबवेवाडीपासून हडपसरपर्यंत भर दुपारी नऊ पोरं घेऊन जाणाऱ्या माणसाला कानांचंही काम द्यायचं म्हणजे... अहो, मी व्हॅन चालवतो, शाळा नाही. सोळा वर्षं चालवतोय. पण आमच्या भाग्यश्री मॅडमना, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांना अचानक वाटलं की पोरांचा रोजचा एक तास माझ्या गाडीत वाया जातो. मला ऑफिसात बोलावलं, समोर कागद ठेवला. इंग्रजीतली चार वाक्यं, माझ्यासाठी मराठी अक्षरांत लिहिलेली. कुड यू प्लीज ओपन द विंडो. मे आय गेट डाउन प्लीज. अशी. म्हणाल्या, "नम्रपणे मागायची सवय लागली पाहिजे. मूल नुसतं 'काका, उतरायचंय' म्हणालं, तर तुम्ही ऐकू आलं नाही असं दाखवायचं. पूर्ण वाक्य आलं की मगच उतरवायचं."

मी म्हटलं, मॅडम, एखाद्याला नाहीच आलं तर? म्हणाल्या, "येतं हो. घाई असली की येतं."

कागद माझ्या सीटच्या पाठीमागे चिकटवला. चौथीतली उत्कर्षा आहे ना, तिला तर राज्यच मिळालं. तिचं वाक्य पहिल्या दिवशी पाठ, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या चुका काढते. "काका, 'वुड' नाही, 'कुड'." अगं बाई, मला दोन्ही एकाच झाडाची लाकडं वाटतात. समोरून टँकर येतोय, डावीकडून रिक्षा घुसतेय, मागून कोणीतरी "काका, खिडकी" म्हणतंय आणि मी आरशात बघून म्हणतोय, प्लीज कुठंय, प्लीज? मी व्हॅन चालवतो हो, शाळा नाही. पण कोणाला सांगणार?

आता मुद्द्याचं सांगतो. आम्रपाली म्हणून पहिलीतली पोरगी. आईबाप वाशिमकडचे, बाप हडपसरला कंपनीत, नुकतेच गंगाधामजवळ राहायला आलेले. माझ्या गाडीत तिचा चौथा दिवस. बोलायची नाही फारशी, दप्तर मांडीवर घट्ट धरून बसायची. मोजून चढवणं-उतरवणं, बारक्यांना घरापर्यंत सोडणं आमच्या गाडीतल्या चंद्रभागा मावशी करतात, आणि त्या दिवशी मावशी नेमक्या रजेवर.

गंगाधामला गाडी थांबवली, मी खाली उतरून दार सरकवलं. उत्कर्षा वाक्य म्हणून टुणकन खाली, गेली सोसायटीत. मागून बारीक आवाज आला, "काका, घर आलं." मी ऐकलं. खोटं कशाला बोलू, ऐकलं मी. पण नियम ना... मी तोंड दुसरीकडे केलं. म्हटलं, आता म्हणेल वाक्य. ती "मे... मे..." करत राहिली आणि मागे पीएमपीच्या बसचा असा हॉर्न, असा हॉर्न, की मी दार ओढलं, गाडीत बसलो, आणि पुढच्या सिग्नलला शुभंकरनं 'मे आय ड्रिंक वॉटर' विचारेपर्यंत माझ्या डोक्यातून ती पोरगी पार गेली. पार गेली हो.

हडपसरला शेवटचं पोरगं उतरलं. डबा-बाटली राहिलीय का म्हणून मागे वाकलो, तर शेवटच्या सीटवर ही. ओठ हलताहेत, आवाज नाही. म्हटलं, अगं, तू बोलली का नाहीस परत? तर मान खाली घालून म्हणते, "मले वाक्य आठवूनच नाही राह्यलं न, काका."

गाडी चालवताना फोन सायलेंटवर असतो, बघतो तर तिच्या आईचे अकरा मिस्ड कॉल. लगेच फोन लावला. तिकडून रडत, "माही पोरगी कुठी हाये?" ताई, आहे हो, माझ्याजवळच आहे, सुखरूप आहे, माझी चूक झाली, घेऊन येतोय. पोरीच्या कानाला फोन लावला. पोरगी आईला म्हणते कशी, "आई, काकाले रागावू नको." मी व्हॅन चालवतो, व्हॅन चालवतो म्हणून मिरवतो ना, अहो व्हॅन तरी धड चालवतो का मी?

परतीच्या वाटेवर तिला पुढे, शेजारी बसवली, पट्टा लावला. फातिमानगरच्या सिग्नलला विचारलं, भूक लागलीय का? मान हलवली. बिस्किटाचा पुडा दिला. पण खायच्या आधी ती माझ्याकडे बघत राहिली, की आता कुठलं वाक्य म्हणायचं. तुम्हाला सांगतो, तेवढं बघणं पुरलं मला. म्हटलं, खा बाळा, काही म्हणू नकोस.

गेटवर आई उभी, निम्मी सोसायटी उभी. मी पट्टा सोडला, दार उघडलं, आईनं जी उचलली पोरीला ती खाली ठेवेचना. कोणी मला बोललं, कोणी फोटो काढले. मी हात जोडून उभा. आई म्हणाली, "दादा, ते तुमाले आवाज देत व्हती का?" मी म्हटलं, हो ताई, दिला होता. मीच ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी कागद फाडला, मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, माझ्या गाडीत नुसतं रडलं तरी दार उघडेल. नोकरीवरून काढायचं तर काढा. मॅडमनी कागद उचलला, ड्रॉवरमध्ये टाकला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. चूक माझीही आहे." नियम रद्द. सगळ्या पालकांना नोटीस. एक प्रत मलाही मिळाली.

अख्खी इंग्रजीत.

काय लिहिलंय ते कळेना, म्हणून संध्याकाळी... नाही, दुपारीच, गाडीतच उत्कर्षापुढे धरली. म्हटलं, वाच गं जरा. तर ती हाताची घडी घालून म्हणते, "काका, नीट विचारा."

विचारलं. काय करता.